बेटिंग, फुटबॉल आणि खालच्या लीगमधली पोरं

परभणीत फुटबॉल बघणारे थोडेच, पण मॅचवर पैसे लावणारे मात्र लई निघायलेत. पण हे झालं बघ्यांचं, खरा घोळ खेळाडूंचा असतो.

इंग्लंडमध्ये २०१४ पासून नियम कडक केला, वरपासून ते नॉन-लीगच्या (म्हणजे वरच्या चार व्यावसायिक स्तरांखालच्या फुटबॉलच्या) वरच्या काही पायऱ्यांपर्यंत खेळाडू, कोच, कुणीच जगातल्या कुठल्याच फुटबॉल मॅचवर बेट लावायची नाही. त्याच्या खाली मग आपली मॅच, आपली स्पर्धा सोडून लावा बापा. म्हणजे जिथं पगार सगळ्यात कमी तिथंच दार जरा उघडं, हे मला काही पटत नाही.

२०१७ मध्ये सटन युनायटेड या नॉन-लीग क्लबचा राखीव गोलकीपर वेन शॉ आर्सेनलविरुद्धच्या एफए कपच्या (इंग्लंडमधल्या लहान-मोठ्या क्लबांच्या बाद स्पर्धेच्या) मॅचमध्ये बेंचवर बसून पाय खाताना टीव्हीवर दिसला (पाय म्हणजे त्यांचा खाऊ हो, आपला गुडघ्याखालचा नाही!). एका बेटिंग कंपनीनं त्यावर एकाला आठ असा भाव काढलेला. जगभर हसून झालं, पण यानं बेटिंगवर मुद्दाम परिणाम केला असं ठरलं, त्याची नोकरी गेली, दोन महिने बंदी, ३७५ पाउंड दंड. आणि कंपन्यांचं काय, इंग्लिश फुटबॉल लीगचं (प्रीमियर लीगच्या खालच्या तीन स्तरांचं) नावच २०१३ पासून स्काय बेट या बेटिंग कंपनीच्या नावावर. पोरानं जर्सीवर बेटिंगचा लोगो मिरवायचा अन् ॲप उघडलं की बंदी, हे कसलं धोरण म्हणावं?

इंग्लंडचा स्ट्रायकर इव्हान टोनी तर खालच्या लीगमधूनच वर आलेला, त्याला २०२३ मध्ये आठ महिने बसवलं, २३२ वेळा नियम मोडल्याबद्दल. त्याला व्यसन असल्याचं तज्ज्ञानं सांगितलं म्हणून शिक्षा जरा कमी केली. हे वर पोचलेल्याचं झालं, खालच्या पोराकडं असा तज्ज्ञ आणायला पैसा कुठून यायचा?