गच्चीवरून टेक्सासला फोन

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट आहे, लिहीन लिहीन करत राहून गेली, परवा गच्चीवर खाटा टाकताना आठवली म्हणून आज बसलोच.

त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० मे ला होती आणि आमची ताई कितीतरी वर्षांनी आखाजीला माहेरी आली, सोबत भाची. भाची तिकडे टेक्सासमध्येच जन्मलेली, २२ वर्षांची, मराठी बोलते पण क्रियापद कुठे ठेवायचं ते तिच्या मूडवर. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. मे महिन्यात आमच्याकडे रात्री अकरापर्यंत भिंती तापलेल्या असतात, पंखा गरम हवाच फिरवतो, म्हणून सगळं घर गच्चीवर झोपतं. घागर भरून झाली, आमरस-मांडे झाले, पुरुषमंडळींचे पत्ते झाले, आणि नंतर एके दिवशी पहाटे साडेचारला मला जाग आली ती इंग्रजीने.

बघतो तर भाची पाण्याच्या टाकीला टेकून, मांडीवर लॅपटॉप, कानात हेडफोन, अगदी गोड आवाजात कोणाशी तरी बोलतेय, एक फोन ठेवते की लगेच दुसरा. माय पण उठून बसली. माय अहिराणीच बोलते, "इतली रातले कोनले फोन लावी राह्यनी वं पोर?"

भाची म्हणे, आजी, इलेक्शन आहे.

मायने शाईचं बोट पुढे केलं, "आमनं ते व्हई गयं ना." १३ तारखेलाच आमच्या जळगाव लोकसभेचं मतदान झालेलं, बरोबरच होतं तिचं. मग भाचीने सांगितलं की इथलं नाही, तिकडचं, तिच्या ओळखीचा एक मुलगा आमदारकीला उभा आहे, २६ वर्षांचा, आणि आपल्याकडे पहाटेचे साडेचार म्हणजे तिकडे संध्याकाळचे सहा, लोक कामावरून घरी येतात तेव्हाच फोन उचलतात.

मायचा पुढचा प्रश्न, "तुन्हा कोन लागस तो?"

कोणी नाही लागत.

हे काही मायला पटलं नाही. कोणी लागत नाही आणि पहाटे उठून फोन, काहीतरी सोयरीक असणारच असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, ताईला बाजूला घेऊन विचारलं पण तिने.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीतला एक पोरगा पण पहाटे गच्चीवर यायला लागला. त्याचं नाव लिहीत नाही, सगळे त्याला भाऊच म्हणतात. वय २९, सात-आठ वर्षं एका पक्षात सतरंज्या उचलतोय, झेंडे लावतोय, सभेला गाड्या भरून नेतोय, आणि डोळा जिल्हा परिषदेच्या आमच्या गटावर. पण जळगाव झेडपीची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि ओबीसी आरक्षणाचं प्रकरण कोर्टात अडकल्यामुळे तेव्हापासून प्रशासकच बसलेला. याने तर गावोगाव वाढदिवसाचे बॅनर लावून ठेवलेले, त्यात पुन्हा आरक्षणाच्या सोडतीत गट महिलेसाठी निघाला तर सगळंच मुसळ केरात. तर हा भाऊ भाचीला खोदून खोदून विचारायचा आणि मी अर्धवट झोपेत ऐकायचो.

तिने सांगितलं ते माझ्या भाषेत असं. तिथे तिकीट पक्ष देत नाही, तिकिटासाठी पण मतदान होतं. मार्चमध्ये पक्षाच्या आतली निवडणूक. टेक्सासमध्ये त्यात अर्ध्याहून जास्त मतं पडली तरच तुम्ही उमेदवार, नाहीतर पहिले दोन ठेवायचे, बाकीचे बाद, आणि मे च्या शेवटी त्या दोघांतच पुन्हा मतदान. याला रनऑफ म्हणतात. हिचा मुलगा मार्चमध्ये तिघांत दुसरा आला होता, म्हणून २८ मे ची फेरी. त्यानंतर नोव्हेंबरला खरी निवडणूक, ती वेगळीच.

"उभं राहायला कोणाला भेटावं लागतं?" भाऊचा पहिला प्रश्न.

कोणालाच नाही. ७५० डॉलर भर नाहीतर ५०० मतदारांच्या सह्या आण, वय २१ पाहिजे, झालं.

"पक्षाला न विचारता पक्षाच्या मतपत्रिकेवर नाव??"

हो.

भाऊ दोन मिनिटं गप्प. मला माहीत होतं त्याच्या डोक्यात काय चाललंय. आमच्या जळगावचंच बघा ना, २०१९ च्या लोकसभेला भाजपने स्मिता वाघ यांचं तिकीट जाहीर केलं आणि नंतर बदलून उन्मेष पाटलांना दिलं, ते निवडून आले, २०२४ ला त्यांचं कापून परत स्मिता वाघ, त्या अडीच लाखांच्या लीडने आल्या. दोन्ही वेळा मतदार तेच, पण आतल्या खोलीत काय ठरलं ते बाहेर सतरंजीवर बसलेल्याला टीव्हीवरून कळतं. हे सगळ्याच पक्षांचं आहे, एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीचा कागद, शेवटच्या दिवशी कोणाच्या खिशातून निघेल ते देवाला ठाऊक. काँग्रेसने २०१४ ला लातूर आणि वर्ध्यात असं आतलं मतदान करून उमेदवार ठरवून पाहिले होते, दोन्ही ठिकाणी पडले, पुढे ते बारगळलंच.

बरं तरुणांना आमच्याकडे मिळतच नाही असं नाही हं. प्रतिभाताई पाटील १९६२ ला जळगावातून आमदार झाल्या तेव्हा २७ वर्षांच्या होत्या. आणि २०१४ च्या लोकसभेत देशातल्या सगळ्यात तरुण खासदारांत दोघी आमच्या खानदेशच्या, रावेरच्या रक्षा खडसे आणि नंदुरबारच्या हीना गावित, हीनाताईंनी तर नऊ वेळा खासदार झालेल्या माणिकराव गावितांना पाडलं. पण एकीचे सासरे एकनाथ खडसे आणि दुसरीचे वडील विजयकुमार गावित. मायचा प्रश्न आमच्या राजकारणात फार कामाचा आहे, तुन्हा कोन लागस तो.

मला वाटलं तिकडे सगळं सोन्याचं असेल, तर तसं पण नाही. भाचीनेच सांगितलं, पगार महिन्याला ६०० डॉलर, म्हणजे नोकरी-धंदा असलेला किंवा घरचा बरा असलेलाच ते झेपवू शकतो, आणि दर दोन वर्षांनी परत निवडणूक. मतदारसंघात दोनेक लाख लोक, पण रनऑफला मार्चपेक्षाही कमी येतात, मग जो माणूस चार माणसं जास्त घराबाहेर काढेल तो जिंकला. आपल्यासारखंच, फक्त ट्रॅक्टर नाही.

तिच्या यादीत प्रत्येक मतदाराने मार्चमध्ये कोणत्या पक्षाच्या फेरीत मत टाकलं ते दिसायचं. कोणाला टाकलं ते नाही, पण पक्ष दिसतो, आणि ती यादी कोणीही घेऊ शकतो. हे ऐकून भाऊ उभाच राहिला, "आमच्याकडे अशी यादी निघाली ना भो तर निम्म्या गावात सोयरिकी मोडतील!"

मला स्वतःला सगळ्यात अवघड वाटले ते तिसऱ्या माणसाच्या मतदारांना केलेले फोन. तिसरा बाद झालेला, त्याची माणसं रुसलेली, आणि मार्चपर्यंत तुम्ही त्यांच्याच माणसाच्या विरोधात बोलत होतात. एका बाईला भाची वीस मिनिटं नुसतं ऐकत बसली, त्या बाईच्या गल्लीत गटाराचं काहीतरी होतं. शेवटी बाई म्हणे, बघते. भाचीने समोर "बघते" असं काहीतरी टिपून ठेवलं. गटार आमदाराचं काम नाही हे भाचीला पण माहीत आणि बहुतेक त्या बाईला पण.

मी एक दिवस सहज नेटवर शोधलं तर १९४८ ची टेक्सासचीच रनऑफ सापडली, सिनेटची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या वरच्या सभागृहाची. लिंडन जॉन्सन जवळपास दहा लाख मतांत ८७ मतांनी जिंकले. मतदान संपल्यावर सहा दिवसांनी बॉक्स १३ नावाच्या एका पेटीत जॉन्सनची २०० मतं वाढली, यादीतली शेवटची नावं एकाच शाईत, एकाच अक्षरात, आणि ती पण वर्णक्रमाने, म्हणजे मतदार काय हजेरीपटाप्रमाणे रांग लावून आले होते. तेच जॉन्सन पुढे १९६३ ला राष्ट्राध्यक्ष. हे मी गच्चीवर वाचून दाखवलं तेव्हा अण्णा, आमचे वडील, जे एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते, इतके हसले की खाट करकरली. भाचीला काही हसू आलं नाही. ती म्हणे मामा, आता तसं होत नाही. मी म्हटलं बरं बाई.

२९ मे ची पहाट. तिकडे २८ च्या संध्याकाळी सातला मतदान बंद, आपले साडेपाच. सगळी गच्ची जागी, माय पण, खाली चुलीवर चहा. आधी, मतदानाच्या दिवसापूर्वीच मत टाकलेल्यांचे आकडे आले त्यात पोरगा पुढे होता, भाऊने मला टाळी दिली, जणू आमच्या गटाचाच निकाल. मग एकेक बूथ येत गेलं आणि लीड उतरत गेली, सूर्य वर आला, चटका बसायला लागला तरी कोणी खाली जाईना. साडेसातच्या सुमारास भाचीने लॅपटॉप बंद केला.

"पडना का?" माय.

हो आजी, पडला.

मायने तिच्या पाठीवरून हात फिरवला, बाकी काही बोलली नाही. ताई चहा घेऊन वर आली. भाऊ बराच वेळ खाली बघत होता, मग एकदम भाचीला विचारलं, "डिपॉझिट वाचलं का त्याचं?"

तिला कळेना. मग मी समजावलं, आपल्याकडे एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली की पैसे परत मिळतात. ती म्हणे छे, ते ७५० डॉलर फी असते, परत मिळत नाही.

"जिंकला तरी?"

जिंकला तरी.

"मग आपलंच बरं," भाऊ म्हणाला, चप्पल घातली आणि डेअरीवर दूध घालायला गेला.