टेस्टोस्टेरॉनची तपासणी आणि ‘पेशंट कुठे आहेत?’

सल्ला आधीच देऊन टाकतो, बाकीचं वाचलं नाही तरी चालेल. पुरुषाने टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तपासायला जावं तेव्हा दंडाला पट्टा बांधू देण्याआधी पावती मागावी आणि तिच्यावर ‘पुरुष’ असं छापलंय का ते डोळ्यांनी वाचावं. हसू नका.

माझं वय ५४. देवगड तालुक्यात कलमं आहेत. मे महिन्यात अंगात त्राण नसतं ते दरवर्षीचंच, पण यंदा पाऊस लागून पंधरवडा झाला तरी मी दुपारचा आडवा होतोच आहे, वर कामगारांवर खेकसतोय. बायको म्हणाली, “आंबे संपले, पावस इलो, आता कित्याक दमतास?” तिला आणखी एक गोष्ट माहीत होती, ती तिने बोलून दाखवली नाही. कणकवलीच्या डॉक्टरांनी मात्र पहिल्या पाच मिनिटांत सरळ विचारलं: इच्छा कमी झालीय का, पहाटे ताठरता येते का. माझ्या मुलाच्या वयाचा माणूस, पण रक्तदाब विचारावा तसं विचारलं. त्यामुळे मीही सांगून मोकळा झालो.

त्यांचं म्हणणं असं, की बायकांची पाळी थांबते तसं पुरुषांचं काही एका वर्षात थांबत नाही. तिशी-चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एक टक्का उतरत जातं, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. युरोपात ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांवर पुरुषांचा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये छापून आला. लक्षणं आणि रक्तातली कमतरता दोन्ही जुळणारे त्यात जेमतेम दोन टक्के निघाले. नुसता थकवा असेल तर थायरॉइड, साखर, झोप, मनाची उदासी हे सगळं आधी बघायचं. म्हणून त्यांनी चिठ्ठीवर टोटल टेस्टोस्टेरॉन, एलएच आणि प्रोलॅक्टिन (हे दोन्ही मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचे हार्मोन), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि तीन महिन्यांची साखर लिहून दिली. खाली रेघ मारून: सकाळी १० च्या आत, उपाशीपोटी.

इथपर्यंत सगळं सुरळीत. मग मी गावाजवळच्या कलेक्शन सेंटरला गेलो.

काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, “पेशंट कुठे आहेत?” म्हटलं, मीच. “नाही, हार्मोनची आहे ना, मॅडम आल्यात का?” बाकड्यावर आमच्या वाडीतले दोघे बसलेले, त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. मी पुन्हा सांगितलं, मीच. ती बरं म्हणाली आणि कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. रक्त काढणारा मुलगा घरोघरची सँपल घ्यायला गेला होता, तो उगवला साडेबाराला. दहाच्या आतलं हवंय म्हटलं तर उत्तर आलं, “काका, सँपल रात्रीच्या गाडीने मुंबईला जातं, सकाळी काय आणि दुपारी काय.” तोवर मी चहा-बिस्किट घेतलेलं होतंच. पोटात अन्न गेलं की हा आकडा तात्पुरता खाली येतो, आणि सकाळच्या मानाने दुपारी तो तसाही कमी असतो, हे डॉक्टरांनी सांगितलेलं मी त्यालाही सांगितलं. त्याने मान डोलावली आणि सुई टोचली.

रिपोर्ट मोबाइलवर आला. टेस्टोस्टेरॉन २४६, समोर ठळक अक्षरात ‘जास्त’. नॉर्मल म्हणून छापलं होतं १५ ते ७०. काउंटरवाली म्हणाली, “वाढलंय, डॉक्टरांना दाखवा.” वर नाव माझंच, पण आधी ‘श्रीमती’ आणि पुढे ‘स्त्री’. तिने बायकांचं हार्मोन पॅकेज निवडलं होतं, म्हणजे माझं रक्त बायकांच्या मापाने मोजलं गेलं. पुरुषांची खालची हद्द साधारण ३०० धरतात.

दुरुस्त करून द्या म्हटलं, तर “ते मुंबईहून छापून येतं.” मुंबईला फोन लावला. तिकडून गोड आवाजात, “पेशंटशी आपलं नातं?” मीच पेशंट. “सॉरी सर, पेशंट लेडीज आहेत, त्यांच्याकडे फोन द्याल का?” मी फोन बायकोकडे दिला. ती हसत सुटली आणि तिच्याने बोलवेना. मग आधार कार्ड मेल केलं. उत्तर आलं की लिंगबदलाची विनंती सेंटरकडून यायला हवी. शब्द अगदी हेच. सेंटर म्हणालं, आमचे सर गुरुवारी असतात. गुरुवारी सर रत्नागिरीला.

कणकवलीचे डॉक्टर फोनवर म्हणाले, सोडून द्या, दुपारचं भरल्यापोटीचं सँपल माझ्या कामाचं नाही. आकडा कमी आला तर तसंही दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करावं लागतं, एका रिपोर्टवर मी कुणाला काही लावत नाही. बरोबर होतं त्यांचं. पण मी सोडलं नाही. आता तो रिपोर्ट मला हवाच होता. शेवटी आला: तेच रक्त, तोच २४६, समोर ‘कमी’.

पुढच्या दोन्ही तपासण्या कणकवलीत केल्या. तिथली लॅब सातला उघडते, आदल्या रात्री बहिणीकडे मुक्काम टाकला. आकडे तीनशेच्या आसपास, एक वर, एक खाली. एलएच आणि प्रोलॅक्टिन ठीक. एलएच चढलेलं असतं तर दोष वृषणाचा धरला असता, ते उतरलेलं किंवा प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं तर मेंदूतल्या पिट्युटरीकडे बघावं लागलं असतं. सापडली ती तीन महिन्यांची साखर, ६.९, म्हणजे वाढलेली. शिवाय पोट, आणि घोरणं. पोटाची चरबी हे हार्मोन खाली खेचते, त्यामुळे टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन नाही, आधी वजन उतरवायचं. इंजेक्शनने रक्त दाट होतं, प्रोस्टेटवर लक्ष ठेवावं लागतं, आणि मूल हवं असलेल्या तरुणाने ते घेतलं तर शुक्राणू बनणं बंद पडू शकतं. जिममध्ये कुणी देत असेल तर पोरांनी तिथून पळावं.

ताप येऊन गेला असेल तर तपासणी लांबवा, आजारपणात आकडा खोटा पडतो. आणि केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर ते लॅबमध्ये आधी सांगा, त्याने हार्मोनचे रिपोर्ट चुकतात, डॉक्टर दोनतीन दिवस गोळी थांबवायला सांगतात. माझ्या मेव्हण्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो आता त्याच सेंटरला निघालाय, पावती वाचायला मी सोबत जातोय.