लॉनवरची रात्रपाळी

तक्रारवहीत लिहिलेलं जसंच्या तसं सांगतो. "रात्री मैदानात बाई किंचाळल्यासारखा आवाज येतो, कृपया बघणे." सी विंग, तिसरा मजला. खाली दुसऱ्याच अक्षरात, "आम्हालाही." आणि त्याच्याखाली तिसऱ्यानं, "कुत्रे नाहीत, काहीतरी वेगळं आहे."

खारघरला एका सोसायटीत मी फॅसिलिटी सुपरवायझर आहे. लिफ्ट अडकली, टाकी ओव्हरफ्लो झाली, कोणाच्या गाडीवर आंबा पडला, सगळं शेवटी माझ्याच डोक्यावर येतं. त्यामुळे बाई किंचाळली तरी माझंच डिपार्टमेंट. वॉचमनदादांना विचारलं तर म्हणाले, हो सर, येतो आवाज, पण आम्ही दोघं टॉर्च घेऊन गेलो की बंद होतो. आता हे ऐकल्यावर कोणाला झोप लागेल, सांगा.

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. त्याच्या आधी दोनेक महिन्यांपूर्वी कमिटीनं लॉन कापायचा रोबोट घेतलेला. पोरं त्याला कासव म्हणतात आणि तो दिसतोही तसाच. लॉनच्या कडेनं जमिनीत एक बारीक तार पुरलेली असते, चार्जिंग स्टेशन तिच्यातून सिग्नल सोडतं, आणि तार आली की कासव मागे वळतं. आत कसंही फिरतं, रांगेत वगैरे नाही, आपटलं की वळलं, तार आली की वळलं. खाली दाढीच्या ब्लेडसारखी तीन पाती असतात. रोज थोडं थोडं कापतं, कापलेलं बारीक गवत तिथंच पडून खत होतं, उचलायची भानगड नाही. आमचे माळीमामा तळोज्याकडचे, त्यांना हे यंत्र पहिल्या दिवसापासून आवडलेलं नाही. ते म्हणतात, गवत कापायला डोळे लागतात.

त्याचं टाइमटेबल लावायला एक अख्खी मीटिंग झाली होती. सकाळी सहा ते सात योगावाले आणि हास्यक्लब. सात ते आठ स्प्रिंकलर, आणि ओल्या गवतात मशीन चालवायची नाही, चाकांना आणि पात्यांच्या तबकडीला गवताचा लगदा चिकटतो. दुपारी स्टेशन इतकं तापतं की बॅटरी थंड झाल्याशिवाय मशीन चार्जिंगच घेत नाही, हे आम्ही एप्रिलमध्ये दोनदा बघितलेलं. संध्याकाळी पाच ते नऊ पोरं. शनिवारी कोणाचा तरी वाढदिवस, लॉन बुक. राहिलं काय, तर रात्र. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे म्हणून एका सरांनी हरकत घेतली, पण मशीन इतकी हळू चालते की खिडकीपर्यंत काही पोचत नाही, मग तेही गप्प बसले. हिशोबही बरोबर बसला. खोक्यावर १५०० स्क्वेअर मीटर लिहिलेलं, पण ते चोवीस तास चालवली तर (हे दुकानदार आपणहून सांगत नाही), म्हणजे तासाला साधारण ६२. आमचं लॉन ५०० च्या आसपास, म्हणजे आठ तास. रात्री १० ते सकाळी ६ बरोब्बर आठ. मला तेव्हा वाटलं काय मस्त काम झालंय, त्या वेळात लॉनवर कुत्रंसुद्धा नसतं.

तर किंचाळणारी बाई. मी वॉचमनदादांना म्हटलं, घाबरू नका, फक्त वेळ लिहून ठेवा. दोन रात्री त्यांनी लिहिलं. पहिल्या रात्री १२ वाजून १० मिनिटांपासून दीडच्या आतबाहेर, मग चिडीचूप, मग पुन्हा साडेचारला सुरू. दुसऱ्या रात्री जवळजवळ तसंच. भूत असलं तरी इतकं टायमावर? चहा पिता पिता सहज ॲप उघडलं आणि कपच खाली ठेवला. आमची मशीन ७० मिनिटं कापते आणि तासभर चार्ज होते. १० ला निघते, मग १२:१०, मग २:२०, मग ४:३०. आमचं लॉन डमरूसारखं आहे, मधे चिंचोळं, त्यामुळे पलीकडच्या भागात मशीन आपणहून फारशी जातच नाही, म्हणून सेटिंग केलेलं की साधारण दर दुसऱ्या फेरीला तारेवरून चालत पलीकडे जा आणि तिथून सुरुवात कर. म्हणजे १२:१० आणि ४:३०. आवाज मशीनचा नव्हता, पण मशीन पलीकडे गेली की येत होता.

त्या रात्री घरी गेलोच नाही. बाराला मी, एक वॉचमनदादा आणि उगाच कुतूहलानं थांबलेले माळीमामा, असे तिघं पलीकडच्या बाकावर अंधारात बसलो, टॉर्च बंद. कासव तारेवरून डुलत डुलत आलं, वळलं, कापायला लागलं. आणि दोनच मिनिटांत ते सुरू झालं. टिटीव टिटीव टिटीव, कानाचे पडदे फाटतील असं.

मामा लगेच म्हणाले, "बाई कसली, टिटवी हाय ती."

टॉर्च मारला. लांब पिवळे पाय, डोळ्यांपुढे लाल गोंडा, छाती काळी. मशीन सरळ तिच्याकडे येतेय आणि ती उडून जायचं सोडून दोन्ही पंख पसरून तिच्यासमोर उभी. मामा म्हणाले, गाय-म्हैस घरट्याकडं आली तरी ती अशीच उभी राहते, आणि गुरं वळतात हो, उगाच तुडवायला नको म्हणून वळतात. गुरांना दिसतं. कासवाला काय दिसणार, त्याला धक्का लागला तरच कळतं, आणि पावशेराच्या पक्ष्याचा असा काय धक्का लागणार. मी धावत जाऊन वरचं लाल स्टॉपचं बटण दाबलं. मशीन आणि टिटवीमध्ये फार तर दीड हात राहिला होता.

पोरांनी क्रिकेट खेळून खेळून तिथं पिचचा पट्टा उघडा पाडलाय, गवत नाही, नुसती माती आणि खडी. टिटवीला असलीच जागा लागते, ती गवताचं घरटं वगैरे बांधत नाही, जमिनीवर एक खळगी करते, बास. खळगीत तीन अंडी, मातकट, वर काळपट ठिपके, टॉर्च थेट मारूनही मला आधी दिसली नाहीत, मामांनी बोट दाखवल्यावर दिसली. वीतभर अंतरावर चौथ्याचं टरफल चाकाखाली दाबलं गेलेलं, सुकलेलं. म्हणजे आधीच्याच कुठल्यातरी रात्री. मी काही फार हळवा वगैरे नाही, पण ते टाइमटेबल मीच भरलेलं, सोमवारचं भरून सगळ्या वारांना कॉपी केलेलं, त्यामुळे मला ते बघवेना.

मशीन उचलून स्टेशनवर नेली, रात्रपाळी बंद केली, आणि सकाळी ऑफिसात माणसं माझी वाट बघत बसलेली. सी विंगच्या आजींचं म्हणणं, टिटवी रात्री ओरडली की कोणीतरी जातं, तिला हाकला. एक साहेब म्हणाले, अंडी उचलून टेकडीच्या बाजूला ठेवून द्या, ती जाईल मागे. जात नाही हो ती मागे, असं अंड्यांचं कुरिअर होत नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेही शिकारीच्याच व्याख्येत येतं. हे सांगितल्यावर सगळे जरा शांत झाले. मामांनी अजून एक ठेवून दिलं, टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस दाबून पडतो. आमचं पिच लॉनच्या उंच भागात आहे. ह्या बातमीवर मात्र सगळे खूश, आजीसुद्धा.

मशीन ज्याच्याकडून घेतली त्या पोराला फोन केला तर तो म्हणाला, सर, हे नवीन नाही, जर्मनीत कोलोनमध्ये रात्री रोबोट चालवायला बंदीच घातलीय, तिथं हेजहॉग रात्री बाहेर पडतात आणि काही समोर आलं की पळायचं सोडून अंग आवळून काट्यांचा गोळा होऊन बसतात. म्हणजे आमच्या टिटवीसारखेच, जागा सोडत नाहीत. त्यानंच बेट करायचं सांगितलं. कडेच्या तारेतून एक फाटा काढायचा, घरट्याभोवती गोल फिरवायचा आणि आला त्याच वाटेनं परत न्यायचा. जाणारी आणि येणारी तार अगदी चिकटून ठेवायची, मग दोघींचा सिग्नल एकमेकांना मारतो आणि मशीन तेवढ्यावरून बिनधास्त जाते, गोलाला मात्र अडते.

ऐकायला सोपं. उन्हात टिटवीला अंड्यांवरून फार वेळ उठवायचं नाही म्हणून सकाळी सहाला, ऊन यायच्या आत काम काढलं. मी गुडघ्यांवर बसून प्लास्टिकचे खुंटे ठोकतोय, मामा माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे आणि वरून नर-मादी दोघंही सूर मारतायत. एकदा तर छत्रीवर सणसणीत शीट. हास्यक्लबला त्या दिवशी वेगळं काही करावं लागलं नाही. पंचवीस मिनिटांत काम झालं, कनेक्टर दाबला, स्टेशनवर हिरवा दिवा आला, मशीन सोडली, आणि ती फाट्यापाशी येऊन परत फिरली. पुन्हा आली, पुन्हा फिरली. छत्रीखाली घाईघाईत मी दोन्ही तारांमध्ये वीतभर फट ठेवलेली, मग तिच्या दृष्टीनं ती भिंतच. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत छत्री.

टाइमटेबल मग नव्यानं. वारागणिक दोन स्लॉट देता येतात, ते दिले. साडेआठ ते बारा आणि अडीच ते पाच, सहा तास. दोन तास कमी पडले, लॉन जरा वाढलेलं दिसायला लागलं, मेमध्ये चालून गेलं. पण मेमध्ये सुट्ट्या असतात हे आम्ही कोणीच धरलं नव्हतं. पोरं येता-जाता स्टॉप दाबायची, आणि स्टॉप दाबला की पिन टाकल्याशिवाय मशीन हलत नाही. एका दिवसात मला अकरा वेळा खाली बोलावलं. शेवटी पिन वॉचमनदादांना दिला आणि पोरांना सांगितलं, पिचवर मॅच बंद. त्यावर जे काही मी ऐकून घेतलंय त्याच्यापुढे कमिटीची मीटिंग काहीच नाही.

एक गोष्ट मात्र त्या दिवसांत बघायला मिळाली, ती मी कोणाला सांगितली तरी खरी वाटत नाही. भर दुपारी टिटवी स्प्रिंकलरच्या नळाखालच्या डबक्यात जाऊन बसायची, पोट ओलं करायची, आणि चालत चालत येऊन अंड्यांवर बसायची. अंडी गार ठेवायला. तेव्हापासून दुपारी एकला पाच मिनिटं नळ सोडायचं काम मामांनी आपणहून धरलं. पाण्याच्या बिलात ते आलं असेल तर असो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीनपैकी दोन पिल्लं निघाली, तिसरं अंडं तसंच राहिलं. पिल्लं म्हणजे कापसाचा ठिपकेदार गोळा आणि त्याला काड्या. निघाली त्याच दिवशी आईमागं चालायला लागली, आणि संध्याकाळपर्यंत गेटाखालून बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर गेली. वॉचमनदादांनी दोन मिनिटं गाड्या थांबवल्या, एक कॅबवाला हॉर्न वाजवत होता, त्याला त्यांनी जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही.

लगेच मीटिंगमध्ये निघालं, आता रात्रपाळी परत लावा, पावसात गवत दुप्पट वाढतंय. मी म्हटलं, बघतो. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री दहाला खाली गेलो तर लॉनच्या दिव्याखाली बेडूकच बेडूक, पाय कुठं ठेवायचा कळेना. फोटो काढून ग्रुपवर टाकला. रात्रपाळी तशीच बंद आहे, उरलेलं गवत मामा आठवड्यातून एकदा बुश कटरनं मारतात.

बेटाची तार काढली तेव्हा पिचच्या कडेचं तिथलं गवत गुडघ्यापर्यंत आलेलं. मामा विळा घेऊन बसले, अर्ध्या तासात साफ केलं, आणि मग उठून बाजूला कासवानं कापलेल्या भागाकडे बघून म्हणाले, "सांगा आता, कुठलं सारखं हाय?"

मामांचंच सारखं होतं. मी काही बोललो नाही.