ढोल ऐकतो की तो!

सांगलीत स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करताना एक गोष्ट अंगवळणी पडलीय: पालक येतात ते कारण शोधूनच येतात. जतहून आलेल्या या कुटुंबाकडे तर तीन कारणं होती. मुलगा अडीच वर्षांचा, शब्द चार-पाच, तेही अर्धेमुर्धे. बाबांचा राग मोबाईलवर. आत्या म्हणे, घरात कानडी नि अंगणवाडीत मराठी, पोराचा गोंधळ उडतोय. आजींचं वेगळंच: जीभ जड आहे, मी वेखंड उगाळून लावतेय, येईल बोलायला, ह्याचा बाप तरी कुठं लवकर बोलला? आई गप्प. मोबाईल दिला तिनं, पोराशी मराठी बोलली ती, वेखंडाला नको म्हणालीही तीच.

कानडीचा विषय मी लगेच मिटवला. जत भागात पिढ्यान् पिढ्या पोरं दोन्ही भाषा बोलत वाढतात. दोन भाषांमुळं मूल मुकं राहत नाही. फक्त शब्द मोजताना दोन्हीकडचे मिळून मोजायचे. जीभ ओठांबाहेर छान येत होती. मोबाईल कमी करा हे सांगितलंच, पण सगळं खापर त्याच्यावर फोडायला मन धजेना.

"कान तपासलेत का?"

"ऐकतो की तो!" तिघंही एकदम. "यल्लम्माच्या जत्रेत ढोल वाजला की नाचतो. दार आपटलं की वळून बघतो."

पोराला आईच्या मांडीवर बसवलं, हातात गाडी दिली. मागून ढोलकीवर थाप मारली, झटकन वळला. कागद चुरगाळला, 'स्स्स' केलं, हळू आवाजात नाव घेतलं: गाडी तशीच घरंगळत राहिली. समोर येऊन बोलले तर डोळे माझ्या ओठांवर. मग त्याचे शब्द पुन्हा विचारले. 'आ', 'मम', 'बू'. सगळे जाड आवाजाचे. स, श, त, क असले बारीक, उंच पट्टीचे ध्वनी एकाही शब्दात नव्हते. जाड आवाज पोचतात, बारीक हरवतात. अशा मुलाला कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आणि दार, ढोल ऐकू येत असल्यामुळं घरच्यांना शंकाही येत नाही.

मग बेरा चाचणी ठरवली. आवाजाला कानाची नस नि मेंदू प्रतिसाद देतात का, हे ती मोजते. तिला मूल झोपलेलं लागतं. पहाटे उठवून आणा म्हटलं होतं. साहेब एसटीत मनसोक्त झोपून आले आणि टेबलावर टक्क जागे. दुपारी औषध देऊन झोपवलं तेव्हा कुठं चाचणी झाली. दोन्ही कानांत प्रतिसाद 70 डेसिबलला सुरू होत होता. आपलं साधं बोलणं 60 च्या आसपास असतं.

खरं तर बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत सुरू व्हावेत, असा शिरस्ता आहे. याची एकही चाचणी झाली नव्हती. दीड वर्षाचा असताना आईनं एका डॉक्टरांना विचारलं होतं. "मुलगे उशिराच बोलतात, थांबा," एवढंच उत्तर मिळालं. एक वर्ष असं फुकट गेलं याचा मला आजही संताप येतो.

निकाल सांगितल्यावर आईनं विचारलं, "म्हणजे मॅडम, मोबाईलमुळं नाही?" नाही म्हटलं. जरा वेळानं पुन्हा तोच प्रश्न. पोराला ऐकू कमी येतं हे ऐकून कोणी सुटकेचा श्वास सोडेल का? तिनं सोडला. मग पदर तोंडाला लावून रडलीही.

बाबांची चौकशी ऐकू येण्याच्या मशीनची. किंमत, बॅटरी, सरकारी योजना, शाळेत पोरं चिडवतील का. मशीन कानात बसवायचा साचाही कान वाढेल तसा दर काही महिन्यांनी नवा लागतो, हे कळल्यावर ते मनातल्या मनात एसटीच्या फेऱ्या मोजू लागले. साच्याचं माप त्याच दिवशी घेतलं. पोरानं केवढा गोंधळ घातला!

आजी जाताना म्हणाल्या, "मग बाई, वेखंड लावू का नको?"

"वेखंड नको आजी. मशीन आलं की समोर बसवून गप्पा मारा. कानडीतच मारा."

"ते मी कवाही मारते," त्या म्हणाल्या, आणि तिसऱ्या वर्षीच्या जावळात न्हाव्याला मशीन कसं सांभाळायला सांगायचं, यावर मायलेकात वाद सुरू झाला.