स्मृतिबागेलाही मे महिन्याचं ऊन

खानदेशात बाग म्हटली की केळीचीच. चर्चच्या आवारातली स्मृतिबाग, म्हणजे कबरी आणि गेलेल्या माणसांच्या नावानं लावलेली झाडं, या हिशेबात बसत नाही, तिच्यातून ना घड निघतो ना पैसा. पण जीव तिलाही तेवढाच लावावा लागतो. तिचा इतिहास शोधायचा तर मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, नोंदवही उघडण्याआधी तिथली माती पाहावी.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि 1860च्या दशकात भुसावळला रेल्वे आली. कचेऱ्या, पलटणी, इंजिनं यांच्या मागोमाग चर्च आलं आणि चर्चमागे कबरी. जुन्या संगमरवरी दगडांत कधीकधी अक्षरं नुसती कोरलेली नसतात, बारीक भोकं पाडून त्यांत शिसं ठोकलेलं असतं. वर्षानुवर्षं तापून-निवून शिसं सैल होतं आणि गळतं. नाव गेलंसं वाटतं, पण भोकं राहतात. सकाळच्या तिरप्या उन्हात ती नीट दिसतात आणि नाव जुळवता येतं.

दगड कलतात त्याला काळी माती कारण. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. नुसता सरळ करून सिमेंट लावलेला दगड दोन-चार पावसाळ्यांत पुन्हा मान टाकतो. काळी माती दोन फूट काढून टाकावी, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून ठोकून घट्ट करावा, मग दगड बसवावा. सांधे चुन्याचे हवेत, एका भागाला तीन भाग वाळू. सिमेंट ओल कोंडतं, मग क्षार दगडातूनच बाहेर येतात आणि पापुद्रे सुटतात.

2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर मेणबत्त्या लागतात, म्हणून त्याआधी सफाईची झुंबड उडते. तेव्हा संडास धुवायचं ॲसिड संगमरवरावर ओतणारे निघतातच. फेस येतो, मळ निघतोय असं वाटतं. निघत असतो तो दगड. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

आठवणीसाठी लोकांना गुलाबच हवा असतो. भुसावळचा पारा 45च्या वर गेला की रोज पाणी देऊनही तो करपतो. पांढरा चाफा टिकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड निष्पर्ण असताना हातभर फांदी कापावी, चीक आटेपर्यंत आठेक दिवस सावलीत उभी ठेवावी आणि मग वाळू मिसळलेल्या मातीत लावावी. ओली फांदी लगेच लावली की बुडातून कुजते, आणि रोज पाणी घालणारा माणूस ती लवकर कुजवतो. (चाफा मध्य अमेरिकेचा, सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करचे, बोगनवेल ब्राझीलची. बागेतली निम्मी मंडळी परदेशीच.)

पाण्याला ठिबक, इथं दुसरं काही सुचतही नाही. नव्या झाडाला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर, उन्हाळ्यात एकाआड एक दिवस तासभर. मूळ धरलेल्या चाफ्याला आठवड्यातून एकदा बास. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरते आणि शेवटची झाडं उपाशी राहतात. महिन्यातून एकदा नळीच्या टोकाचं बूच काढून पाणी सोडून द्यावं. खारुताया नळ्या कुरतडतात, तिथं जोड घालण्याखेरीज इलाज नाही.

नावाच्या पाट्यांचं मात्र बहुतेक ठिकाणी जमत नाही. पत्र्यावरचा रंग उडतो. झाडाला खिळ्यानं ठोकलेली पाटी तर कुणाचीच आठवण ठेवत नाही, खोड वाढतं आणि तिला गिळतं. काळ्या ग्रॅनाइटवर खोल कोरून घ्यावं. सोनेरी रंग गेला तरी अक्षर राहतं. सोबत वही हवीच: नाव, तारीख, झाड, फाटकापासून किती पावलं. माळी बदलला की हीच वही कामाला येते. आणि एखादं झाड मेलं तर त्याच नावानं दुसरं लावायचं का, लावलं तर खर्च कुणी करायचा, हेही पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) आणि मंडळीच्या पंचांनी पहिल्याच पानावर लिहून ठेवावं. नंतर ते ठरत नाही, दोन घरांत वाद तेवढे होतात.