वाढत्या अंगाची सायकल

लेक सातवीत गेली आणि गिअरच्या सायकलीचा हट्ट सुरू झाला. साताऱ्यात हा हट्ट अवाजवी म्हणता येत नाही. पोवई नाक्याकडून राजवाड्यापर्यंत चढ, पुढे समर्थ मंदिराकडे जायचं तर आणखी चढ. तेव्हा गिअर हवेत, हे मान्य. प्रश्न होता किती आणि कसले.

सासूबाईंचं मत ठाम होतं. "२६ इंची घ्या, वाढत्या अंगाची. दोन वर्षांत पुन्हा खर्च नको." फ्रॉक वाढत्या अंगाचा घेऊन दुमडून शिवता येतो, सायकलीचा दांडा दुमडता येत नाही. पोरगी १४० सेंटिमीटरची. २६ इंचीवर दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं राहताना तिच्या टाचा उचलल्या जात होत्या. रहदारीत अचानक थांबायचं झालं तर काय? २४ इंचीवर ती आरामात उभी राहिली, दांड्याच्या वर थोडी जागाही उरली. वाढीची सोय मी सीटच्या नळीत शोधली. नळी किती वर घेता येते, 'याच्या वर नको' ही खूण कुठे आहे, हे पाहिलं. टाच पॅडलवर ठेवून पाय सरळ होईल एवढी सीट लावल्यावरही खुणेपर्यंत बरंच अंतर होतं.

दुकानदारांनी आधी २१ गिअरवाली पुढे केली. जाडजूड टायर, पुढे शॉकअब, मध्ये आणखी एक शॉकअब, दोन्ही चाकांना डिस्क. किंमत मात्र मोहात पाडणारी. त्यांच्या वजनकाट्यावर ठेवली तर सतरा किलो! पोरगी ३३ किलोची. अंगापेक्षा बोंगा मोठा, आणि तो चढावर ओढणार तीच. स्वस्तातला शॉकअब दोन-अडीच किलो सहज खातो आणि डांबरी रस्त्यावर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

मग मी खाली बसून दाते मोजायला लागले. (गणित शिकवते, सवय जात नाही.) "मॅडम, कंपनीने मोजलेत की," दुकानदार म्हणाले. पण चढावर किती दम लागेल ते गिअरच्या संख्येवरून कळत नाही, दात्यांवरून कळतं. माझ्या जुन्या बिनगिअरच्या सायकलीला पुढे ४४, मागे १८. म्हणजे पॅडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळपास अडीच फेऱ्या मारतं. सपाटीला मस्त, चढावर जीव काढणारं. २१ गिअरवालीत पुढचं सगळ्यात लहान चक्र २८ दात्यांचं, मागचं सगळ्यात मोठंही २८. एकास एक. शेजारी सात गिअरची साधी सायकल उभी होती, पुढे एकच चक्र ३४ दात्यांचं, मागे १४ पासून ३४ पर्यंत. तिचाही सगळ्यात हलका गिअर एकास एकच! बाकीचे चौदा गिअर कशासाठी? त्यातले बरेचसे एकमेकांची नक्कल असतात, आणि पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) म्हणजे आणखी एक केबल आणि चेन उतरण्याचं आणखी एक ठिकाण. उतारावर साधी सायकल वेगात थोडी मागे पडेल. आईला ते चालतं.

ती सायकल साडेतेरा किलोची, शॉकअब नाही, ब्रेक रबरी पॅडचे. किंमत साडेअकरा हजार, २१ गिअरवालीपेक्षा हजारभर जास्तच. तरी घेतली. असे ब्रेक पॅड कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडेही मिळतात. ब्रेकच्या मुठीला एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की मूठ हँडलजवळ येते आणि लहान बोटं पोचतात. हे दुकानात कोणी आपणहून करून देत नाही, मागून घ्या. मागचा डिरेलर फ्रेमला वेगळ्या पट्टीने जोडलाय का तेही बघा. सायकल उजवीकडे पडली की आधी तीच वाकते, आणि वेगळी असली की तेवढीच बदलता येते.

जुनी मिळाली तर उत्तमच. मुलं दोन-तीन वर्षांत मोठी होतात, त्यामुळे कमी चाललेल्या २४ इंची सायकली सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात असतात. आम्हाला मनासारखी सापडली नाही, एवढंच.

स्टँड, घंटी, कुलूप आणि मडगार्डचे पैसे वेगळे पडले. साताऱ्याच्या पावसात मडगार्ड नसेल तर गणवेशाच्या पाठीवर चिखलाचा पट्टा ठरलेला. आणि नव्या केबली पहिल्या महिन्यात सैल पडतात, गिअर अडखळायला लागतात. दुकानात एकदा ताणून घ्यायच्या. फुकट करून देतात, फक्त बिल सोबत न्या.