तुम्ही विचारलंत म्हणून: दऱ्यांचा दर्या

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडं असताना मला हा प्रश्न विचारला गेलाय. मी विद्यापीठातल्या प्राध्यापकांना आपल्या विषयाची वेबपानं बनवायला आणि ऑनलाइन तास घ्यायला शिकवते, असं कळलं की समोरचा आधी हसतो. मग म्हणतो, "म्हणजे पन्नाशी-साठीचे प्रोफेसर? घाबरत असतील ना कॉम्प्युटरला?"

तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. घाबरत नाहीत हो. सावध असतात. आणि त्याला कारण आहे.

माझ्यासमोर बसलेल्या माणसाने आजवर काय काय करून ठेवलंय बघा. ओएचपीच्या, म्हणजे भिंतीवर मजकूर पाडणाऱ्या प्रोजेक्टरच्या, ट्रान्सपरन्सी, रात्री जागून रंगीत पेनांनी लिहिलेल्या. मग फ्लॉप्या. मग सीडी. मग फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या हलत्या आकृत्या, ज्यांचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने काढून घेतला. म्हणजे ज्या वर्षी सगळं शिकवणं पडद्यावर आलं, त्याच वर्षी पडद्यासाठी केलेलं जुनं काम बंद पडलं. दर वेळी कोणीतरी माझ्यासारखी येऊन सांगून गेली होती, "सर, आता हेच चालणार."

मलाही हे लगेच कळलं नव्हतं. एका भूगोलाच्या सरांनी कळवलं.

निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. सह्याद्रीवरच्या नोट्स, चारशेच्या आसपास पानं, १९९८पासून स्वतः टाइप केलेल्या. मी त्यातलं एक प्रकरण मूडलच्या, म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायच्या सॉफ्टवेअरच्या, पानात पेस्ट केलं आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांचा गोपाळकाला अवतरला. सर चिडले नाहीत. "बघा, पुन्हा तेच," एवढंच म्हणाले.

झालं असं होतं की त्या काळच्या मराठी फॉन्टांनी देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली होती. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांनी मराठीचं सोंग घेतलेलं, फॉन्ट काढला की सोंग उतरलं. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या एकाच ठरलेल्या मांडणीत, देवनागरी १९९१पासून असली, तरी विंडोजवर ती धड उमटायला २००० साल उजाडावं लागलं. १९९८मध्ये सरांपुढे दुसरा मार्गच नव्हता. मी मात्र आल्या आल्या "सर, युनिकोडमध्ये का नाही केलंत?" असं विचारून बसले होते. आठवलं की अजून कानकोंडं होतं.

मग मी जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर चालवला. दोन मिनिटांत चारशे पानं. "झालं सर!"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला नाक लावून वाचायला लागले. तिसऱ्याच ओळीला थांबले. "मॅडम, सह्याद्रीच्या दर्यांमध्ये म्हणजे?"

दऱ्यांचा दर्या झाला होता. जुन्या फॉन्टातली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलटं. एवढं सगळं कन्व्हर्टरने सांभाळलं, पण आपल्या मराठीचा तो आडवा अर्धा र त्याला ठाऊकच नव्हता. त्याने सरसकट रफार ठोकून दिला. भूगोलाच्या माणसाच्या घाटात समुद्र घुसवला! बरं, सगळे रफार एकदम बदलून टाकावेत, तर पर्यावरणाचं पऱ्यावरण होतं आणि सूर्याचा सूऱ्य. तो प्रत्येक शब्द माणसानेच बघायला हवा.

मी सरांना तो र लिहायच्या, इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवरच्या कळा दाखवल्या: शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य. "एवढंच?" म्हणाले, आणि कामाला बसले. कॉम्प्युटरला घाबरणारा माणूस असा बसत नाही.

त्यानंतर मी पहिला तास बटणांवर घेणं सोडलं. पहिल्या तासाला प्रत्येकाने आपली सगळ्यात जुनी फाइल आणायची. ती उघडत नसेल तर बरंच, तिथूनच सुरुवात. साधा मजकूर वेगळा ठेवा, चित्रं वेगळी ठेवा, आणि मूडलवरच्या आपल्या अभ्यासक्रमाचा बॅकअप स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्या. वेबपान देखणं करण्याच्या गोष्टी त्यानंतर. रंग तर सगळ्यात शेवटी. (त्यावरच सगळ्यात जास्त वाद होतात. विभागप्रमुखांना गुलाबी पार्श्वभूमी हवीच असते.)

व्हिडिओबद्दल मी फार बोलत नाही. आपला ४८ मिनिटांचा तास जसाच्या तसा कॅमेऱ्यात धरला तर कोणी बघत नाही. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर व्हिडिओ बघण्याच्या ६९ लाख नोंदींवरचा एक अभ्यास २०१४मध्ये आला. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीत, असं त्यात दिसलं. हे सांगितलं तर सर म्हणाले, "वर्गातही सहाच टिकतात. फक्त दार माझ्या बाजूला असतं."

त्यांच्या एम.ए.च्या वर्गात एक अंध मुलगी होती. जुन्या नोट्स तिचा स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, इंग्रजी अक्षरं म्हणून बडबडायचा, आणि स्कॅन केलेल्या पीडीएफवर गप्पच बसायचा. नव्या पानांवर ती मथळ्यामथळ्यावरून उड्या मारत पुढे जाते, कारण सरांनी अक्षरं नुसती ठळक न करता तिथे कॉम्प्युटरला ओळखता येईल असा खरोखरचा मथळा दिलाय. चित्राऐवजी स्क्रीनरीडर वाचतो त्या नकाशाच्या वर्णनात नुसतं "नकाशा" लिहून भागत नाही म्हटल्यावर त्यांनी वरंध घाटाचं वर्णन सात ओळींत केलं: भोरकडून रस्ता कसा चढतो, कुठे वळतो, आणि महाडच्या बाजूला कसा एकदम कोसळतो. तिने ते ऐकलं आणि विचारलं, "सर, मग पाणी कुठल्या बाजूला जातं?" तीस वर्षं तोच नकाशा फळ्यावर टांगला, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, असं सर मला म्हणाले. दोन ओळी वाढल्या.

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला त्यांचा मेसेज आला. मला वाटलं, लॉगिनची तक्रार असणार.

"मॅडम, दऱ्याखोऱ्या सगळ्या झाल्या. कुऱ्हाडी झाल्या. कऱ्हाड झालं. कऱ्हा नदी राहिली, पान ३१२. उद्या करतो."